गाडीच्या एसीचा ब्लोअर फक्त चारवरच चालतोय? गॅस भरायच्या आधी हे वाचा

राम राम भाऊ. एप्रिल लागला की दुकानावर फोन सुरू, "एसी थंड करत नाही, गॅस भरून द्या." बऱ्याचदा गॅस बरोबर असतो, दम गेलेला असतो ब्लोअरचा. एसी असो नाहीतर हिटर, हवा फेकणारा पंखा एकच, तो बसला की दोन्ही बसले.

आधी नॉब फिरवून बघा. १, २, ३ वर काहीच नाही आणि ४ वर मस्त हवा, म्हणजे मोटर चांगली आहे, रेझिस्टर गेलाय. खालचे स्पीड रेझिस्टरमधून करंट कमी करून मिळतात, चारवर करंट थेट मोटरला जातो. हा रेझिस्टर तापतो आणि त्याच पंख्याच्या हवेने गार होतो, आता आपल्याकडची धूळ, त्यात जिनिंगच्या रस्त्याने येणंजाणं, एसी फिल्टर कापसाने गच्च भरला की हवा कमी पडते आणि रेझिस्टर जळतो, म्हणून फिल्टर न बघता नुसता रेझिस्टर बदलला तर नवाही जाणार, मग आमच्या नावाने बोंब मारू नका!

रेझिस्टर बदलायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे ब्लोअर दिसेल, त्याच्याजवळ दोन स्क्रूवर रेझिस्टर. कपलरची, म्हणजे वायरी जिथे जोडतात त्या सॉकेटची, पिन काळी पडली असेल, प्लास्टिक वितळलं असेल तर कपलरही नवा टाका. रेझिस्टर बाहेर लोंबत ठेवून पंखा चालवून बघायचा नाही, निखाऱ्यासारखा तापतो भो. पिवळ्या वायरी दिसल्या तर हात लावू नका, त्या एअरबॅगच्या.

कुठल्याच स्पीडला आवाज नसेल तर आधी फ्यूज. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, तार गुंडाळून जुगाड नको, गाडी पेटते. फ्यूज ठीक असेल तर नॉब चालू ठेवून मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका, फिरायला लागली तर समजा मोटरच्या आतले कार्बनचे ब्रश झिजलेत, मोटर बदलायची. खरखर आवाज असेल तर पंख्यात निंबाचा पाला अडकलाय का ते बघा, गाडी झाडाखाली लावणाऱ्यांचं हे नेहमीचंच.

ऑटो क्लायमेटवाल्या, म्हणजे तापमान आपोआप सांभाळणाऱ्या गाडीत बहुतेक साधा रेझिस्टर नसतो, इलेक्ट्रॉनिक मॉड्युल असतं, ती इकडेच आणा. गॅसचा पाइप घरी खोलू नका.

काउंटरवर येताना जुना पार्ट सोबत आणा, पिना जुळवूनच देऊ, मॉडेल सारखं असलं तरी पार्ट वेगळा निघतो. एकदा गाडीला लावलेला इलेक्ट्रिक पार्ट परत घेत नाही.