तपासणीला येण्याआधी: आमच्या टेक्निशियनांविषयी थोडंसं

सकाळी सेंटरमध्ये तुमची गाठ तीन-चार जणांशी पडते. रक्त घेणाऱ्या ताई, लॅबमधला टेक्निशियन, एक्स-रेवाले दादा, ईसीजीच्या खोलीतल्या मॅडम. प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, खोली वेगळी. या धंद्यात ‘ते माझं काम नाही’ हे वाक्य म्हणूनच फार ऐकू येतं. आमच्याकडे नव्या माणसाला सुरुवातीचे काही दिवस दुसऱ्याच्या खोलीत बसवतो. कुरकुर होते, पण उपयोग होतो.

रक्तातल्या पोटॅशियम या क्षाराचंच घ्या. ते साधारण 3.5 ते 5 असतं. मशीनने 6.8 दाखवलं तर हृदयाच्या ठोक्यांना धोका. पण रक्त घेताना पेशी फुटल्या, किंवा जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त चुकून दुसरीत गेलं, तरी आकडा असाच चढतो, कारण त्या जांभळ्या ट्यूबमधल्या रसायनातच पोटॅशियम असतं. मग लॅबवाला आधी ताईंना विचारतो: शीर सापडायला वेळ लागला का? पट्टा बराच वेळ आवळलेला होता का? ताईंनी खरं सांगायला हवं, आणि त्यासाठी त्यांना कोणी ओरडणार नाही याची खात्री हवी. सगळी मेख इथे आहे. तिकडे ईसीजी काढायची तयारी होते, तुमच्या डॉक्टरांना फोन जातो. तुम्हाला पुन्हा रक्त द्यायला बोलावलं तर ते यासाठी. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

पूर्ण तपासणीत पोटाची सोनोग्राफी नाश्त्याआधी उरकतो. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची अशा दोन्ही शुगर असतील, तर मधल्या वेळेत टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची तपासणी, लावत नाही. पट्ट्यावर चालून साखर उतरते आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. बाहेर काँट्रास्टचं (शिरेतून औषध देऊन करायचं) सीटी स्कॅन करायला जाणार असाल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं तिथे सांगा.

एकच प्रश्न दोघांनी विचारला तर वैतागू नका, तो मुद्दाम विचारलेला असतो. दिवस गेलेत किंवा तशी शंका आहे, हे काउंटरवर सांगितलं असलं तरी एक्स-रेच्या दारात पुन्हा सांगा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना बोला. थायरॉइडचा रिपोर्ट त्याने चुकू शकतो.

आणि एक्स-रेवाल्या दादांना ‘काय आलंय हो?’ विचारू नका. काही दिसलं तरी ते सांगणार नाहीत, निदान करणं हे डॉक्टरांचं काम आहे. सोनोग्राफीही आमच्याकडे डॉक्टरच करतात. रक्ताच्या रिपोर्टबद्दल शंका असेल तर पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबचे डॉक्टर, संध्याकाळी सेंटरवर असतात; काउंटरवर नाव सांगून वेळ घ्या.