डेंग्यूचे शीघ्र निदान

डेंग्यू विषाणूचा संसर्ग तापाच्या पहिल्या काही दिवसांतच ओळखण्याच्या प्रयोगशाळा-पद्धती.

‘डेंग्यू’ हे नाव १८२७-२८ च्या कॅरिबियन साथीपासून रूढ झाले असावे. स्वाहिली ‘का-डिंगा पेपो’ (दुष्ट शक्तीमुळे एकाएकी येणारा आचका) हे त्याचे मूळ, हे मत जास्त सयुक्तिक वाटते. स्पॅनिश व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली दिसते. १७७९ मधील बटाव्हियाची (आजचे जकार्ता) साथ पूर्वी डेंग्यूची गणली जाई. सांधेदुखीच्या वर्णनांवरून ती चिकुनगुन्याची असावी, असे काही अभ्यासक मानतात. नुसत्या लक्षणांवरून हे दोन ताप वेगळे काढणे आजही अवघड आहे.

चाचणी तापाच्या दिवसावर ठरते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ प्रतिजन (रक्तात उतरणारे विषाणूचेच प्रथिन) शोधतात. त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडे (संसर्गानंतर काही दिवसांनी शरीर तयार करते ती संरक्षक प्रथिने). तिसऱ्या दिवशी केवळ आयजीएम तपासून ‘डेंग्यू नाही’ म्हणणे ही घातक चूक होय. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या रुग्णात जुनी आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी) प्रतिपिंडे एनएस-१ ला बांधून ठेवतात, त्यामुळे तेही हुकू शकते. कार्ड चाचणी (पट्टीवर उमटणारी रेघ पाहण्याची झटपट चाचणी) १५-२० मिनिटांत होते, पण ठरलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघ ग्राह्य धरू नये. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिचा होकार ‘संभाव्य’च, निश्चिती एलायझानेच (विकराने म्हणजे एन्झाइमने रंग आणून प्रतिजन वा प्रतिपिंड ओळखणारी प्रयोगशाळा-चाचणी) होते.

आयजीएम एलायझाचा संच पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (स्थापना १९५२, विषाणू संशोधन केंद्र या नावाने, सध्याचे नाव १९७८ पासून) तयार होतो व देशभरच्या निगराणी (साथींवर लक्ष ठेवणाऱ्या) रुग्णालयांना पुरवला जातो. मानवी आयजीएम पकडणाऱ्या प्रतिपिंडांचा थर दिलेल्या खळग्यांत विरल केलेला रक्तद्रव घालून ३७° से. ला ठेवतात. मग क्रमाने डेंग्यू प्रतिजन, बायोटिनयुक्त (पुढच्या विकराला पकडणारे) प्रतिपिंड, अ‍ॅव्हिडिन-विकर व रंगद्रव्य घालतात. विक्रिया थांबवून ४५० नॅनोमीटरवर वाचन घेतात. प्रत्येक टप्प्यानंतरची धुलाई अपुरी राहिली, तर निगेटिव्ह खळगेही रंगतात. झिका व जपानी मेंदूज्वराच्या प्रतिपिंडांमुळे फसवा होकार येऊ शकतो. पुणे जिल्ह्यात २०२१ मध्ये बेलसर (ता. पुरंदर) येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळल्यापासून इकडे लक्ष देणे अगत्याचे झाले आहे.

प्रतिबंधासाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस (साठलेले पाणी काढून भांडी कोरडी करण्याचा) पाळतात. पाणी ओतून देणे पुरत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पिंप, कुंडीखालची बशी व फ्रिजमागचा ट्रे घासूनच काढावा लागतो.