मीस व्हान डेर रोअ, लूटव्हिख

(२७ मार्च १८८६–१७ ऑगस्ट १९६९). जर्मन-अमेरिकन वास्तुविशारद, अल्पतमवादी (कमीत कमी घटक वापरणाऱ्या) आधुनिक वास्तुकलेचा अग्रणी. जन्म आखेन येथे, पाथरवटाच्या घरात. वास्तुकलेची पदवी त्याने घेतली नाही. पुढील उमेदवारी बर्लिनला वास्तुविशारद पेटर बेरेन्सच्या कार्यालयात झाली. आईच्या माहेरचे ‘रोअ’ हे आडनाव त्याने १९२१ च्या सुमारास जोडले.

बार्सिलोना प्रदर्शनातील जर्मन दालन (१९२९) ही त्याची सर्वांत चर्चिलेली कृती. फुलीच्या छेदाच्या आठ पोलादी खांबांवर छत तोलल्याने ट्रॅव्हर्टाइन (एक प्रकारचा चुनखडी दगड), हिरवा संगमरवर व ऑनिक्स (पट्टेदार शोभेचा दगड) यांच्या भिंती अवकाश विभागण्यास मोकळ्या झाल्या. या भिंतींनीही काही भार पेलला असावा, असे एक मत आहे. मूळ दालन १९३० मध्ये उतरविले गेले. आजचे १९८६ मध्ये, मुख्यतः कृष्णधवल छायाचित्रे व शिल्लक रेखाटने यांच्या आधारे, पुन्हा उभारलेले आहे. त्यामुळे दगडाच्या रंगछटांविषयीची विधाने जपूनच करावी लागतात. तेथील प्रसिद्ध ‘बार्सिलोना खुर्ची’ दीर्घकाळ एकट्या मीसच्या नावावर होती. परंतु अभिकल्पकार लिली राइख ही १९२० च्या दशकाच्या मध्यापासून त्याची सहकारी होती आणि या प्रदर्शनातील जर्मन विभागाच्या कलात्मक दिग्दर्शनात तिचा अधिकृत वाटा होता. मीसचे यशस्वी फर्निचर याच सहकार्याच्या काळातील असल्याने संयुक्त श्रेय देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

बाउहाउस या जर्मन कला व वास्तुकला विद्यालयाचा तो शेवटचा संचालक (१९३०–३३). १९३८ मध्ये तो शिकागोला गेला. तेथील क्राउन हॉलचे (१९५६) छत चार बाह्य तुळयांना टांगलेले असून आत एकही खांब नाही. न्यूयॉर्कच्या ३८ मजली सीग्रॅम इमारतीत (१९५८) अग्निसुरक्षेसाठी पोलादी सांगाडा काँक्रीटने झाकणे भाग होते. तो सूचित करण्यासाठी दर्शनी भागावर कांस्याच्या उभ्या पट्ट्या बसविल्या. काटकसरीचा म्हणून ओळखला जाणारा हा वास्तुविशारद येथे भार न पेलणारे घटक जोडतो, हे महत्त्वाचे आहे.

इलिनॉयमधील फार्न्सवर्थ हाउस (१९५१) चहूबाजूंनी काचेचे. उन्हाळ्यात ते तापते. अशी वास्तू भारतात उभारताना हवामानाचा विचार करावा लागतो; उदा., नागपुरात मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. तेथील सिव्हिल लाइन्स या भागातील जुन्या बंगल्यांचे खोल व्हरांडे आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्या याच उन्हाला दिलेले उत्तर आहेत. येथे पश्चिमेला उघडी काच लावणे म्हणजे मीसचे केवळ बाह्यरूप उचलणे होय. सांगाडा व भिंत यांची फारकत, सांध्यांची शिस्त आणि मोकळा आराखडा मात्र खोल सावलीच्या छताखालीही वापरता येतो.

बर्लिनचे नवे राष्ट्रीय कलादालन (१९६८) ही त्याची अखेरची मोठी कृती. त्याचे निधन शिकागो येथे झाले.