साइन-ऑन तपासणी (सेट-टॉप बॉक्स)

दुतर्फी केबल नेटवर्कवरचा सेट-टॉप बॉक्स हेडएंडशी (केबल कंपनीच्या मुख्य केंद्राशी) जोडला गेला आहे का आणि नसेल तर कुठल्या पायरीवर अडकला आहे, हे कमांड लाइनवरून पाहण्याची पद्धत. ‘पॅक चालू आहे का’ हा प्रश्न वेगळा. मुंबईत या दोहोंची गल्लत होते ती सवयीमुळे. डिजिटल केबलसाठी ठरलेल्या ३१ ऑक्टोबर २०१२ या मुदतीच्या सुमारास शहरात लागलेले बॉक्स बहुतांशी एकतर्फी होते. कंट्रोल रूममधून व्हीसी नंबरवर (व्ह्यूइंग कार्डच्या क्रमांकावर) रिफ्रेश मारला तरी त्यांच्याकडून पोच येत नाही. अशा बॉक्सला साइन-ऑनच नसते, मग तपासणार काय?

दुतर्फी बॉक्सच्या पोटात केबल मोडेम असतो. चालू झाल्यावर तो हेडएंडमधल्या सीएमटीएस यंत्राशी (सगळ्या मोडेमशी बोलणाऱ्या यंत्राशी) आधी वेळ आणि सिग्नलची पातळी जुळवतो (रेंजिंग), मग डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून) आयपी पत्ता घेतो, टीएफटीपीने (फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) कॉन्फिगरेशन फाइल उतरवतो आणि शेवटी नोंदणी करतो. सिस्कोच्या सीएमटीएसवर ‘शो केबल मोडेम’ लिहून पुढे मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिला की पायरी दिसते. पत्ता चार-चार अक्षरांच्या तीन गटांत, मध्ये टिंब देऊन लिहितात. स्टिकरवर बहुधा एकाहून अधिक मॅक असतात. त्यातला मोडेमचाच घ्यावा, नाहीतर धडधडीत चालू बॉक्सही यादीत सापडत नाही.

तिथे ‘इनिट डी’ अशी स्थिती दिसली म्हणजे बॉक्सची विनंती पोहोचली, पण डीएचसीपीचे उत्तर आलेले नाही. ‘इनिट ओ’वर रेंगाळला तर फाइल उतरत नाही. ‘रिजेक्ट एम’ला फाइलची खूण सीएमटीएसच्या गुप्त संकेताशी जुळत नाही. या तिन्हींत घरी माणूस पाठवणे बहुधा फुकट जाते. दोष हेडएंडच्या बाजूचा असतो.

‘इनिट आर-१’ किंवा ‘आर-२’वर, म्हणजे रेंजिंगमध्येच, अडकलेला बॉक्स मात्र तारेकडे बोट दाखवतो. परतीचा (बॉक्सकडून हेडएंडकडे जाणारा) सिग्नल साधारण ५ ते ६५ मेगाहर्ट्झमध्ये जातो आणि वाटेतल्या प्रत्येक स्प्लिटरवर (तारेचे फाटे करणाऱ्या डबीवर) घटतो : दोन तोंडांच्या स्प्लिटरवर सुमारे ३.५ डेसिबल, चार तोंडांच्या स्प्लिटरवर सुमारे ७. ही तूट भरायला बॉक्स जोर वाढवतो, आणि ५५ डेसिबल-मिलिव्होल्टच्या आसपास त्याची ताकद संपते. बॉक्स किती जोर लावतो आहे तो आकडा ‘शो केबल मोडेम फाय’ने दिसतो. आपल्याकडचे मीटर बहुधा डेसिबल-मायक्रोव्होल्टच्या मापात दाखवतात. त्या आकड्यातून ६० वजा करावेत. पावसाळ्यात गच्चीवरच्या एफ-कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाच्या फिरकीच्या जोडात) पाणी शिरते, समुद्राकडच्या खाऱ्या हवेने तो गंजतो. त्याहून वाईट म्हणजे सैल कनेक्टरमधून शिरलेला गोंगाट परतीच्या वाटेवर एकत्र होतो, आणि एका खोलीतल्या ढिल्या जोडणीपायी त्याच नोडवरच्या (वस्तीला सिग्नल पुरवणाऱ्या यंत्रावरच्या) साऱ्या चाळीचे बॉक्स डगमगतात. कोण वारंवार तुटते ते ‘शो केबल फ्लॅप-लिस्ट’ सांगते.

नोडची वीज परतल्यावर सगळे बॉक्स एकदमच दार ठोठावतात. त्या वेळी ‘इनिट’ची रांग दिसणे स्वाभाविक आहे. ‘शो केबल मोडेम समरी टोटल’ दर काही मिनिटांनी चालवून ऑनलाइनचा आकडा चढतो का ते पाहावे. अडलेल्या एकट्या बॉक्ससाठी ‘पिंग डॉक्सिस’ (मोडेम उत्तर देतो का ते पाहणारी कमांड) कामाचा : त्याला आयपी पत्ता लागत नाही. ‘क्लिअर केबल मोडेम’ने रिसेट करण्याआधी मात्र दिसत असलेली स्थिती टिपून घ्यावी, कारण रिसेटनंतर बॉक्स पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो आणि तो कुठे अडला होता याचा माग जातो.