‘त्रेपन्न लागली’ म्हणजे काय?

आमच्या अभ्यास मंडळात कुणाचं बोलणं मध्येच तोडलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "घ्या, त्रेपन्न लागली!" जुनी मंडळी हसतात, नवा आलेला इकडंतिकडं बघतो. गेल्या महिन्यात बदली होऊन आलेल्या एका बँकवाल्यानं जिना उतरताना मला हळूच विचारलं, "सर, त्रेपन्न म्हणजे वयाची अट आहे का काही?" त्याला तिथंच सांगितलं. पण हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी येतोच, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यात पदरचं काहीतरी घालतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मंडळ नांदेडचं. रविवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या माडीवर पंधरा-वीस जण जमतो. शिक्षक, एक निवृत्त तलाठी, दोन डॉक्टर, कॉलेजातली पोरं. सगळे विवेकवादी म्हणवून घेणारे, म्हणजे वाद तर होणारच. अध्यक्ष नाही. पाळीपाळीनं एक जण स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन बसतो. मुद्दा सोडून माणसावर घसरलात की चमचा एकदा वाजतो. वेळ संपली की दोनदा. तिसऱ्यांदा वाजला की खाली बसायचं, मग तुम्ही कुणीही असा. लॉकडाऊनमध्ये बैठका बंद पडल्या आणि व्हॉट्सॲपवर गट झाला. तिथं पेला नव्हता, फक्त ॲडमिननाच लिहिता येईल असं करणारं बटण होतं. एका रात्री वाद पेटला आणि तेव्हाच्या ॲडमिननं काही न सांगता ते बटण दाबलं. सकाळी एकानं बाकीच्यांना वेगवेगळा मेसेज टाकला, ‘त्रेपन्न लागली.’ त्याचे आजोबा मोगलाईत तुरुंगात जाऊन आलेले, त्यामुळं हा आकडा त्याला घरचाच.

मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. आमच्याकडची म्हातारी माणसं अलीकडपर्यंत तसंच म्हणायची. त्या कारभारात गश्ती म्हणजे परिपत्रक आणि निशाण म्हणजे क्रमांक. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीला निघालेल्या गश्ती निशाण 53 नं सार्वजनिक सभेवर आधी परवानगी घेण्याची अट घातली. नुसतं बोलणं हा गुन्हा नव्हता, पण चार लोकांना जमवून बोलायचं तर सरकारला विचारून. आमची ‘त्रेपन्न’ ती हीच, वरून बोलणं बंद झालं की ‘लागते’. परवानगी मागायची कुणी, द्यायची कुणी आणि नाकारली तर दाद कुठं, यातच निम्मी चळवळ थकून जावी अशी ती सोय होती. पुढं 1938 मध्ये तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याच्या आधीच बंदी आली. मूल जन्मायच्या आधीच त्याला शाळेतून काढून टाकावं तसं.

लोकांनी वाटा काढल्या. राजकारणाची सभा नाही ना घेता येत, मग वाचनालय काढा, गणपतीत व्याख्यान ठेवा, साहित्याची बैठक घ्या. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. 1943 मध्ये निजाम प्रांतातली मराठी साहित्य परिषद उभी राहिली, तीच पुढची मराठवाडा साहित्य परिषद. माझ्या मते मराठवाड्यातल्या वाचनालयांना आणि व्याख्यानमालांना आजही जो जरा जास्तच गंभीर वास येतो, त्याचं मूळ इथं आहे. आणखी एक गंमत आमच्या गटात फार चालते. आ. कृ. वाघमाऱ्यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्याहून निघायचं. निजाम सरकारनं त्याला आपल्या हद्दीत बंदी केली की ते नाव बदलून पुन्हा यायचं. गटातून काढलेला एक गृहस्थ बायकोच्या नंबरावरून परत आला तेव्हा कुणी रागावलं नाही. "नवा अंक आला," एवढंच कुणीतरी लिहिलं.

सप्टेंबर 1948 मध्ये मोगलाई संपली. सभा मोकळ्या झाल्या, पण सभेत दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यायचं हे काही फर्मान काढून शिकवता येत नाही. नांदेडपुरतं सांगायचं तर ते काम नरहर कुरुंदकरांनी केलं. 15 जुलै 1932 ला नांदापूरला जन्म, आधी नांदेडच्या शाळेत मास्तर, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, पुढं तिथंच प्राचार्य. लोक त्यांना गुरुजीच म्हणायचे. त्यांचं लिखाण वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. ज्याचं खंडन करायचं त्याची बाजू ते आधी इतकी भक्कम मांडतात की वाचणाऱ्याला वाटावं, आता हे मान्यच करून टाकणार. आणि मग एकेक वीट काढायला लागतात. सेवा दलातल्या, समाजवादी विचारांच्या आपल्याच माणसांनाही ही सवलत नव्हती. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला व्यासपीठावरच ते गेले, वय पन्नासही नव्हतं. आमच्या मंडळाचा एकमेव लिखित नियम त्यांच्या या पद्धतीवरून घेतलेला आहे: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं आधी तुम्ही सांगा, मगच टीका करा. तसा हा नियम शास्त्रातला पूर्वपक्षच. न्यायशास्त्रानं तर वाद, जल्प आणि वितंडा अशी वर्गवारीच करून ठेवली आहे. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काही न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडणं. चरकसंहितेतही वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितलेत, एक सलोख्याचा आणि एक भांडणाचा. आमच्याकडं कुणी नुसतंच पाडत सुटला की निवृत्त तलाठी शांतपणे विचारतात, "सातबारा कुणाचा हो? तुमच्या नावावर काही हाय का?" म्हणजे तुमची स्वतःची भूमिका काय. हा विनोद न्यायसूत्रांपेक्षा लवकर कळतो.

कॉलेजातल्या एका पोरानं मध्यंतरी आम्हाला अमेरिकेतल्या विवेकवाद्यांची कथा सांगितली, आणि आमचं भांडण फार जुनं आणि फार लांबवर पसरलेलं आहे हे कळलं. रॉबिन हॅन्सन आणि एलिएझर युडकोव्स्की यांनी 2006 मध्ये विचारातल्या चुकांवर एकत्र लिहायला सुरुवात केली. 2009 मध्ये युडकोव्स्कीनं ‘लेसराँग’ नावाची वेगळी जागा काढली. नाव छान आहे, ‘जरा कमी चूक’. त्याच वर्षी त्यानं असा युक्तिवाद मांडला की भल्या लोकांची चर्चा म्हणजे निगा राखलेली बाग असते. सेन्सॉरशिपच्या भीतीनं कुणाला बाहेर काढलंच नाही तर ती तणानं मरते. म्हणणं खोटं नाही. पण 2010 च्या जुलैत तोच यात फसला. रोको या टोपणनावाच्या सदस्यानं भविष्यातल्या एका अतिबुद्धिमान यंत्राची कल्पना मांडली: आपल्याला घडवायला ज्यांनी मदत केली नाही त्यांना ते यंत्र शिक्षा करील. युडकोव्स्की चिडला, मजकूर उडवला आणि त्या विषयावर बोलायलाच काही वर्षं बंदी घातली. झालं. ज्या कल्पनेला चार लोकांनी आठवडाभरात फोडून काढलं असतं ती ‘रोकोचा बॅसिलिस्क’ म्हणून जगभर गेली. बॅसिलिस्क म्हणजे नुसत्या नजरेनं मारणारा दंतकथेतला साप. 2018 मध्ये इलॉन मस्क आणि गायिका ग्राइम्स यांची ओळख या बॅसिलिस्कवरच्या एका कोटीवरून झाली, अशी बातमी होती. हे ऐकल्यावर आमचा तलाठी म्हणाला, "ह्यांनी तर गश्ती काढून लग्न जमवायलेत." लग्न झालं नाही, पण वाक्य राहिलं.

त्याच वर्तुळातला ब्लॉग लिहिणारा स्कॉट अलेक्झांडर मला जास्त आवडला. त्याच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया देणाऱ्यांसाठी नियम असा की बोलणं खरं, आवश्यक आणि सौम्य यांपैकी निदान दोन तरी असावं. हे सुवचन बुद्धाला प्रिय असलेलं प्राचीन सूफी वचन आहे असं थाटात सांगून पुढच्याच दमात तो म्हणतो की अशा बऱ्याच वचनांप्रमाणे हेही एका व्हिक्टोरियन उपदेशपर कवितेतून आलेलं दिसतं. रोज सकाळी गौतम बुद्धांच्या नावावर कुणाकुणाचं काय काय खपवलेलं वाचणाऱ्या आम्हाला हा विनोद समजावून सांगावा लागला नाही. शिवाय कुणाला, का काढलं याची तो उघड नोंद ठेवायचा. मला यातली नोंद महत्त्वाची वाटते. पेला वाजतो तो सगळ्यांदेखत, बटण दाबलं जातं ते रात्री.

आता विनोदांबद्दल. आतल्या लोकांनाच कळणारी भाषा म्हणजे कुंपण. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. ग्रंथ टिकले, पण बाहेरच्यांना आत काय आहे ते कळेना, आणि शतकानुशतकं पंथाबद्दल नाही नाही ते बोललं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपी उलगडली तेव्हा आतून निघालं काय, तर मराठीतलं सुरुवातीचं उत्तम गद्य. आमची त्रेपन्न आणि सातबारा इतकी मोठी नाहीत, पण बँकवाल्याचा चेहरा मला आठवतो.

दुसरा एक शब्द होता, भानामती. गटावर कुणाचा मेसेज नाहीसा होऊन डिलीट झाल्याची नुसती ओळ उरली की लगेच कुणीतरी लिहायचं, ‘भानामती झाली.’ मराठवाड्यात हा शब्द कुणाला सांगावा लागत नाही. घरावर दगड पडतात, वाळत घातलेलं लुगडं पेट घेतं, अंगावर फुल्या उठतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी घरं वर्षानुवर्षं हिंडून पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा मागं घरातलंच कुणीतरी निघतं, कोंडीत सापडलेलं.

आमच्यातल्या एका ताईंनी ऐन तारुण्यात अशी बरीच घरं पाहिली. त्या सहसा बोलत नाहीत. एका रविवारी सुशीला, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा नाश्ता, खाऊन झाल्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते भानामतीचं तुम्ही जे लिहायलात ना, त्या प्रत्येक घरात मला एक सून नाहीतर एक पोरगी सापडली होती. तिला बोलायची दुसरी जागा नव्हती म्हणून लुगडं पेटायचं. तुम्ही कुणाला हसायलात?" समोरची बाजू आधी मांडायचा नियम त्यांनी पाळला नाही. वेळ संपली तसा चमचा दोनदा वाजला. त्या बोलतच राहिल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी "त्रेप..." म्हणायला सुरुवात केली आणि थांबला. चमचा तिसऱ्यांदा वाजला नाही. पेला त्या दिवशी माझ्याकडं होता.

तेव्हापासून तो शब्द गटावर दिसलेला नाही. कुणी बंदी घातली नाही, कुणी नियमही केला नाही. परवा पुन्हा एक मेसेज गायब झाला आणि बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. शेवटी बँकवाल्यानंच विचारलं, "मग आता याला काय म्हणायचं?" तीन रविवार झाले, ठरलेलं नाही.