रात्री वर राहिलेला ओझोन

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी कागदाच्या दोन पट्ट्या टांगल्या. एक साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, मित्राच्या दुकानाच्या छपराखाली. दुसरी वर यवतेश्वरला, ओळखीच्या घराच्या पडवीत. पट्टी करायला फार काही लागत नाही. गाळणकागद घ्यायचा, कॉर्नफ्लोअरची पातळ खळ शिजवायची, तिच्यात पोटॅशियम आयोडाइड विरघळवायचं, कागदाला ती खळ लावायची आणि वाळवायचा. हवेतला ओझोन आयोडाइडमधलं आयोडीन मोकळं करतो, ते स्टार्चला भिडतं आणि कागद जांभळा पडतो. ही युक्ती ख्रिस्तियान श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाची. १८३९-४० च्या सुमारास ओझोन ओळखून त्याला ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं तेही त्यानेच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोन्ही पट्ट्या उतरवल्या आणि शुद्ध पाण्यात बुडवल्या. पोवई नाक्याची जवळजवळ कोरी राहिली. यवतेश्वरची फिकट जांभळी झाली, जांभळं खाल्लेल्या जिभेसारखी.

अशा पट्टीवरून आकडा काढता येत नाही. हवेतला दमटपणा बदलला की रंग बदलतो, शिवाय नायट्रोजन डायऑक्साइडही तिला रंगवतो. पण मला आकडा नको होता, फरक बघायचा होता. गाड्या, धूर, वर्दळ सगळी खाली. वर डोंगर, झाडी आणि थंडी. तरी रात्रभर ओझोन टिकला तो वर.

आधी एक गल्लत दूर करू. ‘ओझोन वाचवा’ असं शाळेत शिकलो तो ओझोन जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटरवर, म्हणजे स्थितांबरात असतो. वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन तिथेच आहे आणि तो अतिनील किरण अडवतो. उरलेला १० टक्के तपांबरात, म्हणजे आपण श्वास घेतो त्या थरात आणि त्याच्या वर पसरलेला असतो. रेणू तोच, तीन ऑक्सिजन अणूंचा, पण इथे तो फुप्फुसांना आणि पानांना भाजतो. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनखालोखाल पृथ्वी तापवण्यातही त्याचा वाटा आहे.

हा खालचा ओझोन कुठल्या नळीतून थेट बाहेर पडत नाही, तो हवेत तयार होतो. गाडीच्या इंजिनातून नायट्रोजनची ऑक्साइडं येतात. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की त्यातला एक ऑक्सिजन अणू सुटतो आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो, झाला ओझोन. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड लगेच तो ओझोन गाठून आपला अणू परत घेतो. ही रोजची उसनवारी आहे, दिलं आणि घेतलं, शिल्लक फारशी काही नाही. मधे पेट्रोलची वाफ, रंगांतले थिनर, झाडांनी सोडलेले वायू, जळालेल्या पाचटाचा धूर आला की हिशेब बिघडतो. हे कार्बनी वायू नायट्रिक ऑक्साइडचं येणं दुसऱ्याच वाटेने भागवतात. त्याला ओझोन मोडायची गरज उरत नाही, आणि भर दुपारी ओझोन साठत जातो. १९५० च्या दशकात आरी हाखन-स्मिट या शास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं हे कोडं सोडवलं. तिथे वाकवून ठेवलेल्या रबराला किती वेळात चिरा पडतात यावरूनही ओझोन मोजत असत.

सूर्य मावळला की बनणं थांबतं, मोडणं मात्र चालू राहतं. पोवई नाक्यावर रात्रीही गाड्या असतात, त्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड जमिनीलगतचा ओझोन खाऊन टाकतो. भिंती, माती, पानं यांना टेकूनही तो नष्ट होतो. पहाटे यवतेश्वरच्या घाटातून खाली बघितलंत तर पुढची गोष्ट डोळ्यांनीच दिसते. शहरातल्या चुलींचा, शेकोट्यांचा धूर सरळ वर चढतो आणि एका उंचीवर अडून आडवा पसरतो, वर काच ठेवल्यासारखा. रात्री जमीन लवकर थंड होते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवा बसते. याला तापमान विपरीतता म्हणतात. या झाकणाखाली ओझोन संपतो. झाकणाच्या वर, आदल्या दुपारी तयार झालेला ओझोन तसाच राहतो, कारण तिथे त्याला खाणारं फारसं कोणी पोचत नाही. माझी यवतेश्वरची पट्टी त्या थरात होती.

नऊ-दहाला ऊन लागतं, जमीन तापते, झाकण मोडतं. वर राहिलेला ओझोन खाली मिसळतो. म्हणून सकाळी शहरातला ओझोन झपाट्याने वाढतो तेव्हा त्यातला काही त्याच सकाळी बनलेला असतो आणि काही काल बनून रात्रभर डोक्यावर थांबलेला, कदाचित दुसऱ्याच तालुक्यातून वाऱ्याबरोबर आलेला. जमिनीवरचं यंत्र दोघांची बेरीज सांगतं, फोड सांगत नाही. फोड हवी तर वर जायला हवं.

वर जायचे मार्ग मोजके आहेत. पुण्याहून हवामान खातं अनेक दशकं ओझोन मोजणारे फुगे सोडत आलं आहे. फुगा ३० किलोमीटरच्या आसपास पोचतो, पण रोज सुटत नाही, आणि वारा नेईल तिकडे जातो. उपग्रह रोज बघतो, मात्र त्याला खालचा ओझोन दिसतो तो वरच्या ९० टक्क्यांच्या पडद्यातून. डोंगरावरची प्रयोगशाळा हा तिसरा मार्ग. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवर. पण डोंगर म्हणजे एकच पायरी. पूर्ण जिना चढायचा तर विमान लागतं.

विमानात ओझोन मोजतात कसा, हे मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं. यंत्राच्या आत हातभर लांबीची नळी असते. तिच्या एका टोकाला पाऱ्याच्या वाफेचा दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा संवेदक. दिवा २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण सोडतो आणि नेमके तेच किरण ओझोन अधाशासारखे शोषतो. म्हणजे स्थितांबरात जे काम ओझोन आपल्यासाठी करतो, त्याच कामावरून त्याला पकडायचं. पण पकड फार बारीक आहे. हवेच्या एक अब्ज रेणूंत ओझोनचे ५० असतील, म्हणजे ५० पीपीबी, तर नळीतून जाणाऱ्या प्रकाशाच्या दहा हजार भागांतले जेमतेम पाच-सहा कमी होतात. एवढा फरक दिव्याच्या नुसत्या थरथरण्यात बुडून जाईल. म्हणून हवेचे दोन वाटे करतात. एक जसाच्या तसा नळीत, दुसरा मँगनीज डायऑक्साइडमधून गाळून, ओझोन काढून टाकून. दोन्ही वाट्यांतून किती प्रकाश पोचला याची सतत तुलना करायची. दिवा थरथरला तर दोन्हीकडे सारखाच थरथरतो, आणि उरतो तो फरक ओझोनचा.

बाकीची काळजी वाणसामानाच्या यादीसारखी असली तरी प्रत्येक गोष्ट जिवाची. हवा आत घेणारं तोंड इंजिनाच्या धुरापुढे हवं. नळ्या टेफ्लॉनच्या हव्यात, कारण साध्या रबरी नळीत यंत्रापर्यंत पोचायच्या आतच ओझोन मरतो. वर गेल्यावर हवा विरळ होते, म्हणून दाब आणि तापमान दर वाचनाबरोबर नोंदवावं लागतं, नाहीतर विरळ हवेला आपण स्वच्छ हवा समजून बसू.

१९७० च्या दशकात नासाने प्रवासी बोइंग ७४७ विमानांवर ओझोनमापक बसवून पाहिले होते. खरी चिकाटी युरोपातल्या मोझाइक प्रकल्पाची. १९९४ पासून पाच एअरबस ए-३४० विमानांत, नेहमीचे प्रवासी घेऊन जाणाऱ्या, ही यंत्रं बसली. विमान चढताना आणि उतरताना दर चार सेकंदांनी एक नोंद, म्हणजे प्रत्येक विमानतळावर हवेचा उभा छेद फुकटात मिळतो. दिल्ली, हैदराबाद, चेन्नईवरचे असे छेद या प्रकल्पातून मिळाले. पुढे त्याचाच आयागोस झाला आणि आजवर साठ हजारांहून अधिक उड्डाणांची नोंद जमली आहे.

२००१ च्या अखेरीस या विमानांवर कार्बन मोनॉक्साइडही मोजायला लागले, आणि ही भर फार मोलाची ठरली. हवेचा एखादा थर ओझोनने भरलेला सापडला, तर तो आला कुठून? ओझोनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही वाढलेला असेल तर तो धूर आणि जळणाचा थर. ओझोन जास्त, पण कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हवा कोरडी ठणठणीत असेल, तर तो स्थितांबरातून खाली घसरलेला पदर. दोघांचा रंग एक, जात वेगळी.

याच नोंदींवरून २०२० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर गोलार्धातल्या अकरा प्रदेशांवर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तपांबरातला ओझोन वाढला आहे, असं त्यातून दिसलं. भारत त्या अकरांत आहे. अमेरिकेसारख्या ठिकाणी गाड्या आणि कारखाने सुधारल्यावर जमिनीलगतची उच्चांकी पातळी उतरली होती, तरी वरचा ओझोन चढतच राहिला. फक्त जमिनीवर मोजत बसलेल्या माणसाला वाटलं असतं, प्रश्न सुटत आला. वर ओझोन काही आठवडे टिकतो आणि खंड ओलांडतो, त्यामुळे तिथली वाढ एका देशाची राहत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या शेजारी सोलापुरातून २०१८-१९ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या कायपीक्स मोहिमेची विमानं उडाली. त्यांचा मुख्य विषय ढग आणि हवेतले सूक्ष्मकण हा होता. ओझोनसाठी आपण कल्पनेत एक लहान विमान कराडच्या धावपट्टीवर आणू. जानेवारी, सकाळचे सात. विमान उठतं, प्रीतिसंगमावर धुक्याची पांढरी पट्टी पडलेली. पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये ओझोन अगदी कमी, महामार्गाच्या बाजूला तर जवळजवळ नाहीच. आगाशिवच्या डोंगराची उंची गाठता गाठता आकडा उडी मारतो. हा कालच्या दुपारचा साठा. तेच विमान दुपारी तीनला उडवलं तर उडी सापडणार नाही. तापलेल्या जमिनीने हवा दीड-दोन किलोमीटरपर्यंत घुसळलेली असते आणि त्या उंचीपर्यंत ओझोन साधारण सारखा लागतो. पावसाळ्यात समुद्रावरची स्वच्छ हवा आणि ढगांमुळे सगळाच आकडा खाली बसतो.

वाटेत कुठे ऊस पेटवलेला असेल तर वारा तो धूर जिकडे नेतो त्या बाजूला विमान वळवायला हवं. फडातून निघाल्या निघाल्या धुरात ओझोन वाढलेला दिसणार नाही. तास-दोन तास उन्हात प्रवास केल्यावर, पुढच्या गावावर तो वाढतो. पाचट वाळवा तालुक्यात जळतं आणि ओझोन दुसऱ्याच गावच्या शेतावर उतरू शकतो. एकाच्या बांधावरची आग दुसऱ्याच्या बागेत जाते, आणि जाताना दिसत नाही, याची मला खरी चिंता वाटते.

सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांचा याच्याशी थेट संबंध आहे. द्राक्षाच्या पानावर ओझोनमुळे ठिपके पडतात हे कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच दाखवून दिलं गेलं. डावणी या बुरशीच्या रोगात पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते. ओझोनचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे, तपकिरी ते काळपट, पानाच्या वरच्या बाजूला, शिरा सोडून मधल्या भागात, आणि आधी जुन्या पानांवर. भिंग घेऊन बघितलं तर शिरांची जाळी हिरवी राहिलेली दिसते. त्यावर कुठलंही बुरशीनाशक चालत नाही, कारण तिथे बुरशीच नसते. भात-गव्हाचं नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही, दाणा फक्त कमी भरतो. २००५ या वर्षाच्या ओझोनचा हिशेब मांडून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये देशाचा अंदाज दिला: गहू सुमारे ३५ लाख टन, तांदूळ सुमारे २१ लाख टन कमी.

सांगली हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे, पण त्या कार्यक्रमाचं यश-अपयश धुळीच्या कणांवर मोजलं जातं. ओझोनसाठी देशाची मर्यादा आहे, आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ५० पीपीबी. मर्यादा शहराच्या चौकात तपासायची सवय आहे. वर सांगितलेलं रसायन बघता चौक ही ओझोन सर्वांत कमी सापडण्याची जागा, आणि शहरापासून वाऱ्याच्या दिशेने वीस-पंचवीस किलोमीटरवरची बाग ही जास्त सापडण्याची.

ओझोन मोजणारी दोन-तीन किलोंची यंत्रं आज मिळतात. चार आसनांच्या विमानाच्या मागच्या आसनावर एक सहज मावेल. कराडहून उठायचं, तासगाववर घिरट्या घेत तीन किलोमीटरपर्यंत चढायचं, त्याला वीसेक मिनिटं लागतील. दर दहा सेकंदांनी नोंद धरली तर वीस-तीस मीटरला एक आकडा. एकदा सूर्य उगवायच्या बेताला, एकदा दुपारी तीनला. जानेवारीत गळीत जोरात असताना आठवडाभर आणि एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर नवी पानं फुटताना आठवडाभर. सकाळच्या छेदात झाकणावर किती ओझोन थांबलाय ते कळेल, दुपारच्या छेदात तो सगळा मिसळल्यावर किती झाला ते. दुपारच्या आकड्यातून सकाळचा साठा वजा केला की बागेवर आलेल्या ओझोनमधला किती त्याच दिवशी बनला आणि किती रात्रभर वर थांबून उतरला, याचा पहिला अंदाज हातात येईल.