लस विनिपेगमध्ये, साथ गिनीत

मार्च २००९मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात एका संशोधिकेच्या बोटाला काम करताना सुई टोचली. सिरिंजमध्ये इबोलाचा विषाणू होता. या रोगावर तेव्हा ना खात्रीचं औषध होतं, ना मान्यता मिळालेली लस. वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ तातडीने फोनवर एकत्र आले. कॅनडात विनिपेगच्या सरकारी प्रयोगशाळेत एक प्रायोगिक लस तयार होती आणि माकडांवर तिचा गुण दिसला होता. या रोगापासून बचाव म्हणून ती माणसाला तोवर कुणी दिली नव्हती. तरीही लस विमानाने अटलांटिक ओलांडून आली आणि सुई टोचल्यापासून साधारण ४८ तासांत त्या संशोधिकेला टोचली गेली. ती वाचली. तिला मुळात लागण झाली होती की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. पण तिच्यासाठी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं गेलं, आणि ते योग्यच होतं.

पाच वर्षांनी याच विषाणूने पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत सुमारे २८,६०० लोकांना गाठलं. त्यांतले ११,३००हून अधिक दगावले. साथ जाहीर झाली मार्च २०१४मध्ये. विनिपेगची तीच लस गिनीतल्या गावकऱ्यांपर्यंत पोचायला लागली मार्च २०१५मध्ये. तिकडे दोन दिवस आणि इकडे वर्ष. हा फरक विषाणूच्या किंवा लसीच्या गुणधर्मातून आलेला नाही. म्हणूनच इबोलाचं विज्ञान सांगताना त्या वर्षाचा हिशेब टाळणं मला बरोबर वाटत नाही.

साथीचा माग काढत शास्त्रज्ञ पोचले ते गिनीच्या जंगलपट्ट्यातल्या मेलियांडू या छोट्याशा गावात. डिसेंबर २०१३मध्ये तिथलं एक तान्हं म्हणावं असं मूल आजारी पडून गेलं. मग त्याची बहीण, आई आणि आजी गेली. लायबेरिया आणि सिएरा लिओनच्या सीमा इथून जवळ. बाजारहाट, सोयरिक, मयत अशा कारणांनी माणसांची ये-जा रोजचीच. ताप, उलट्या, जुलाब ही लक्षणं हिवतापात दिसतात, कॉलऱ्यात दिसतात आणि त्या भागात नेहमी आढळणाऱ्या लासा तापातही दिसतात. शिवाय इबोलाची मोठी साथ या पट्ट्यात आधी कधी आलेली नव्हती. रक्ताचे नमुने तपासायला फ्रान्सला पाठवावे लागले. निदान व्हायला तीन महिने गेले, ते समजून घेता येतं.

त्यानंतरचे महिने समजून घेणं मात्र कठीण आहे. मार्चअखेर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने सांगितलं की ही साथ एवढ्या दूरदूरच्या ठिकाणी पसरली आहे, असं आजवर कधी घडलेलं नाही. जिनिव्हाहून जागतिक आरोग्य संघटनेचा प्रतिसाद होता की साथ अजून लहानच आहे. गिनीच्या सरकारलाही खाणउद्योगातले गुंतवणूकदार बिथरण्याची धास्ती होती, त्यामुळे तिथूनही आकडे सौम्य करून सांगितले जात होते. २१ जूनला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने साथ हाताबाहेर गेल्याचं जाहीर केलं. जुलैच्या उत्तरार्धात लायबेरियात काम करणाऱ्या दोन अमेरिकी व्यक्तींना लागण झाली, आणि लायबेरियातून निघालेला एक बाधित प्रवासी विमानाने नायजेरियातल्या लागोसला उतरला. ८ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. तोवर सुमारे १,७०० रुग्ण आणि ९००हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. विषाणू विमानात बसला आणि त्यानंतर आणीबाणी पुकारली गेली, याला निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन तयार होत नाही.

या दिरंगाईची किंमत समजायला थोडं गणित लागतं. इबोला हवेतून पसरत नाही. रुग्णाचं रक्त, उलटी, जुलाब, घाम यांच्या थेट स्पर्शातून तो जातो. लक्षणं दिसेपर्यंत माणूस दुसऱ्याला लागण करत नाही. आजार बळावतो तसा विषाणू शरीरात वाढत जातो आणि मृत्यूच्या वेळी तो सर्वाधिक असतो. त्यामुळे शुश्रूषा करणारी आई, नर्स आणि मृतदेहाला अंघोळ घालणारे नातेवाईक यांनाच सर्वाधिक धोका. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात. गोवराच्या तुलनेत हा फारच संथ विषाणू आहे. या साथीत एक रुग्ण सरासरी दोनच्या आतबाहेर माणसांना लागण करत होता. लायबेरियात रुग्णसंख्या दुप्पट व्हायला सुमारे २४ दिवस लागत होते.

आता २१ जून ते ८ ऑगस्ट हे दिवस मोजा. ते ४८ भरतात. दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट. जूनमध्ये जिथे शंभर खाटा पुरल्या असत्या, तिथे ऑगस्टमध्ये चारशे लागणार, आणि पुढच्या ४८ दिवसांनी सोळाशे. संथ विषाणूचा एक मोठा फायदा असतो: वेळेवर हालचाल केली तर माणूस त्याला गाठू शकतो. रुग्ण वेगळा ठेवायचा, त्याच्या संपर्कातल्या प्रत्येकावर २१ दिवस लक्ष ठेवायचं, मृतदेह सन्मानाने पण स्पर्श टाळून पुरायचा. एवढ्यावर १९७६पासूनच्या साथी आटोक्यात आल्या होत्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या गणितानुसार साधारण ७० टक्के रुग्णांना वेगळं ठेवता आलं, तर साथ उतरणीला लागते. त्यासाठी खाटा हव्यात, आणि खाटांशेजारी उभी राहणारी माणसं हवीत. साथीआधी लायबेरियात ४० लाखांहून अधिक लोकसंख्येला उणेपुरे ५० डॉक्टर होते. साथीत तिन्ही देशांतले ५००हून अधिक आरोग्य कर्मचारी मेले.

सप्टेंबर २०१४मध्ये लायबेरियाच्या राजधानीतल्या, मोनरोव्हियातल्या सर्वांत मोठ्या उपचार केंद्राचं फाटक रोज सकाळी फक्त अर्धा तास उघडायचं. रात्रीत जितके रुग्ण मेले असतील, तितक्या नव्या रुग्णांना आत घ्यायचं आणि बाकीच्यांना परत पाठवायचं. परत गेलेला रुग्ण घरी जायचा, घरातलं कुणीतरी त्याचं करायचं, आणि साखळी पुढे सरकायची. त्याच महिन्यात अमेरिकेने सैन्य पाठवून लायबेरियात उपचार केंद्रं बांधण्याची घोषणा केली. केंद्रं बांधून झाली तेव्हा लायबेरियातली साथ ओसरत होती. अमेरिकी लष्कराने उभारलेल्या ११ केंद्रांत मिळून इबोलाचे २८ रुग्ण आले. मोनरोव्हियातल्या लोकांनी तोवर स्वतःच वस्त्यांमध्ये गट करून आजारी माणसं शोधायला आणि अंत्यविधीची रीत बदलायला सुरुवात केली होती. साथ वळवण्यातला त्यांचा वाटा परदेशी बातम्यांत फारसा आलाच नाही. आणि डॉक्टर-नर्सेसची पहिली मोठी तुकडी कुणी पाठवली? क्युबाने. स्वतः गरीब असलेल्या त्या देशाचे १६५ जण ऑक्टोबरच्या सुरुवातीला सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनला उतरले.

जागतिक आरोग्य संघटनेला दोष देणं सोपं आहे आणि तो अंशतः खराही आहे. पण तिचा पैसा येतो सदस्य देशांकडून, आणि श्रीमंत देश त्यातला मोठा भाग कशावर खर्चायचा हे आधीच ठरवून देतात. आर्थिक मंदीनंतर संघटनेची साथींशी लढण्याची तरतूद सुमारे ४७ कोटी डॉलर्सवरून (२०१२-१३) जवळपास २३ कोटींवर (२०१४-१५) आणली गेली होती. अनुभवी माणसं सोडून गेली होती.

पैशांइतकीच तयारी महत्त्वाची असते, हे नायजेरियाने दाखवलं. लागोस हे दोन कोटींच्या घरातलं शहर. तिथे आलेल्या बाधित प्रवाशाला डॉ. अमेयो स्टेला आदादेव्हो यांनी रुग्णालयातून जाऊ दिलं नाही. त्याला सोडावं म्हणून बाहेरून दबाव येत असतानाही त्या बधल्या नाहीत. त्यांनाही लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्या गेल्या. नायजेरियात पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली यंत्रणा तयार होती. तीच माणसं, तीच पद्धत इबोलाकडे वळवली गेली. सुमारे ९०० संपर्कांवर लक्ष ठेवण्यासाठी साडेअठरा हजार गाठीभेटी झाल्या. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि तीन महिन्यांत देश इबोलामुक्त.

आता लसीकडे येऊ. विनिपेगच्या शास्त्रज्ञांनी गुरांना होणाऱ्या एका आजाराचा विषाणू घेतला. माणसाला तो सहसा त्रास देत नाही. त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक काढून तिथे इबोलाच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक बसवलं. म्हणजे विषाणू निरुपद्रवी, अंगरखा मात्र इबोलाचा. शरीर हा अंगरखा ओळखायला शिकतं आणि खरा इबोला आला तर तयार असतं. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लस दिलेली सगळी माकडं वाचली. पुढची पायरी म्हणजे निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षिततेची चाचणी. ती झाली ऑक्टोबर २०१४मध्ये.

मधली नऊ वर्षं गेली कारण गिऱ्हाईक नव्हतं. १९७६ ते २०१३ या काळात जगभरात इबोलाचे रुग्ण अडीच हजारांच्याही आत होते आणि बहुतेक आफ्रिकेतल्या खेड्यांमधले. मोठ्या कंपन्यांना यात रस असायचं कारण नव्हतं. लसीवर सरकारी पैसा लागला तोही मुख्यतः २००१नंतर, कुणी इबोला हत्यार म्हणून वापरेल या भीतीने. २०१०मध्ये लसीचे हक्क अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीकडे गेले आणि काम रेंगाळलं. ऑगस्ट २०१४मध्ये कॅनडाने ८०० ते १,००० डोस दान करायची तयारी दाखवली. ते विनिपेगहून निघाले २० ऑक्टोबरला.

इथे एक आक्षेप रास्त आहे. धोक्यात सापडलेल्या एका शास्त्रज्ञाला तिच्या संमतीने न तपासलेली लस देणं वेगळं आणि हजारो गावकऱ्यांना देणं वेगळं. सिएरा लिओनचे विषाणूतज्ज्ञ डॉ. शेख उमर खान आजारी पडले, तेव्हा ते होते त्या केंद्रात एक प्रायोगिक औषध उपलब्ध होतं. न तपासलेल्या औषधाने त्यांचं काही झालं तर लोकांचा उपचारांवरचा विश्वास उडेल, या विचाराने तिथल्या डॉक्टरांनी ते दिलं नाही. खान २९ जुलैला गेले. काही दिवसांत तेच औषध त्या दोन अमेरिकी रुग्णांना मिळालं आणि ते वाचले. त्या डॉक्टरांच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. त्यांच्यापुढे असा पेच उभा राहिला, कारण शांततेच्या काळात करायच्या चाचण्या कुणी केल्याच नव्हत्या.

अखेर गिनीत चाचणी झाली ती देवी निर्मूलनाच्या पद्धतीवर बेतलेली. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातल्या आणि त्यांच्याही संपर्कातल्या लोकांचं एक कडं करायचं. काही कड्यांना लस लगेच, काहींना तीन आठवड्यांनी. लस मिळालेल्या ५,८३७ जणांपैकी एकालाही दहा दिवसांनंतर इबोला झाला नाही. लस न मिळालेल्यांत २३ जणांना झाला. तोवर साथ ओसरत आली होती.

ऑक्टोबर २०१४मध्येच ऑस्ट्रेलियाने आणि मग खुद्द कॅनडाने या तीन देशांतल्या लोकांना व्हिसा देणं थांबवलं. मदत सावकाश आणि बंदी ताबडतोब, ही रीत जुनी आहे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा पुढच्याच वर्षी युरोपीय राष्ट्रं व्हेनिसला जमली. चर्चा होती ती हिंदुस्थानातून येणारी जहाजं आणि हजयात्रेकरू यांच्यामार्फत प्लेग युरोपात कसा येऊ द्यायचा नाही, याची. प्लेगवरची लस तयार केली ती हाफकिन यांनी, मुंबईतच, साथीच्या मध्यावर. २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची खबर तत्परतेने दिली आणि बक्षीस म्हणून विमानबंदी मिळाली. असं होत राहिलं तर पुढच्या वेळी खबर द्यायला कुणी का धजावेल?

काही गोष्टी खरोखर सुधारल्या आहेत. २०२२मध्ये युगांडात इबोलाचा सुदान हा वेगळा प्रकार आला. त्यावर मान्यताप्राप्त लस नव्हती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्डच्या लसीचे ४०,००० डोस सुमारे ६० दिवसांत तयार केले. तरी पहिल्या चाचणी-लसी युगांडात पोचल्या तेव्हा शेवटचा रुग्ण घरी गेला होता. पण या खेपेला एक शहाणपण झालं: सुदान प्रकारावरच्या एका प्रायोगिक लसीचे डोस आणि चाचणीचा आराखडा युगांडातच तयार ठेवला गेला. जानेवारी २०२५मध्ये तोच प्रकार परत आला, तेव्हा साथ जाहीर झाल्यापासून चार दिवसांत लसीकरण सुरू झालं. २०२४मध्ये रवांडात इबोलाचाच भाऊबंद असलेला मारबर्ग विषाणू आला. तिथेही दहा दिवसांच्या आत चाचणीची लस देणं सुरू झालं, आणि ६६ रुग्णांपैकी १५ दगावले. एरवी मारबर्गमध्ये निम्मे किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावतात.

हे चार दिवस सद्भावनेवर सोडलेले नसावेत, म्हणून मे २०२५मध्ये जागतिक महासाथ करार मंजूर झाला. महासाथीच्या काळात औषध कंपन्यांनी उत्पादनाचा २० टक्के भाग जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातला किमान निम्मा मोफत, असं त्यात म्हटलं आहे. बदल्यात देशांनी विषाणूचे नमुने तातडीने द्यायचे. ही देवाणघेवाण नेमकी कशी चालेल, हा कळीचा भाग मात्र करार मंजूर करताना पुढच्या वाटाघाटींवर सोडून देण्यात आला. आणि मतभेद तिथेच आहेत: नमुने लगेच हवेत याबद्दल श्रीमंत देशांना शंका नाही, लशीचा वाटा बंधनकारक करायला मात्र ते कचरतात.